कोकणात राहून जुनी मर्सिडीज घ्यावी का? एकदम रिस्टोअर करावी की हळूहळू?

तुमचं घर दापोलीत, गाडी पुण्यात. १९९६ ची ई-२२०, मालक दोन लाख मागतोय, आणि तुम्हाला विचारायचंय की घ्यावी का, खर्च किती येईल आणि काम एकदम करावं की जमेल तसं. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आधी मस्त पेंट करून घेतो, बाकीचं सावकाश बघू.’ ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. दहा वर्षांपूर्वी हेच वाक्य आमच्या पडवीत बोललं गेलं होतं आणि त्याचे पैसे मी भरलेत.

गाडी घ्या. पेंट सगळ्यात शेवटी.

माझ्याकडे हीच गाडी आहे. १९९५ पासून टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) भागीदारीत पिंपरीला ज्या डब्ल्यू-१२४ (या ई-क्लासचं कंपनीतलं नाव) जोडल्या गेल्या, त्यातली. निगडीच्या एका निवृत्त गृहस्थांकडून २०१२ साली दोन लाख दहा हजारांना घेतली. त्या वर्षी आंब्याचे पैसे बरे झाले होते, याहून मोठं कारण नव्हतं. घरी आणताना कुंभार्ली घाटात पावसानं गाठलं. या गाडीला वायपर एकच, पण तो कोपऱ्याकडे जाताना हात लांब करतो, मधे आखडतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. बायको म्हणाली, “बघा, एका हातानं केवढं काम करतो.” टोमणा कुणाला होता ते सोडा. रत्नागिरीजवळच्या पावस गावी, घरी पोचेपर्यंत मी त्या वायपरच्याच प्रेमात होतो. (त्याच्या आतल्या गिअरला दर दोन वर्षांनी ग्रीस लावा. लावत नाहीत, मग मोटर जळते आणि लोक गाडीला नावं ठेवतात.)

तीन वर्षं सुखात गेली. दारावर ओरखडे होते, बॉनेटचा रंग उडाला होता, पण धावत होती. मग २०१५ ला भाचीचं लग्न ठरलं. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कोथरूडला असतात. ते म्हणाले, “वरात तुझ्या मर्सिडीजमधून. पण ही अशी नाही. माणसांत आण तिला आधी.” त्यांच्या ओळखीत पुण्यात एक गॅरेज होतं. तीन महिन्यांत पूर्ण रिस्टोरेशन, इंजिनापासून रंगापर्यंत, दोन लाखांत. मी म्हटलं, हळूहळू करू, इथेच करू. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती कोकणातल्या प्रत्येक माणसानं पुण्याच्या पाहुण्याच्या डोळ्यांत कधी ना कधी पाहिलेली असते.

जुलैत गाडी गेली. डिसेंबरात लग्न झालं, तेव्हा ती दारं काढलेल्या अवस्थेत ठोकळ्यांवर उभी होती. नवरा-नवरी इनोव्हातून गेले. गाडी घरी आली ती २०१६ च्या दसऱ्याला, पंधरा महिन्यांनी, तीन लाख चाळीस हजारांना. खोटं कशाला बोलू, मी हरखलो. काळ्याभोर रंगात समोरच्या कलमांची फांदी न् फांदी दिसत होती. भावोजी खळ्यात उभे राहून फोनवर फोटो पाठवत होते, जणू त्यांनीच घडवली.

पुढच्या पावसाळ्यात, जुलै २०१७ मध्ये, मागच्या चाकाच्या वर एक पुळी आली. डास चावल्यावर येते तेवढी. गणपतीची साफसफाई चालली होती तेव्हा पाहिलं तर तिच्या पाच झाल्या होत्या. या गाडीला दारांखाली प्लास्टिकचं आवरण असतं, ते काढलं. जॅक लावायच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, दाबलाही नाही, तो मुठीपर्यंत आत गेला. खरवडल्यावर शिळ्या भाकरीसारखे लांबीचे, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचे, तुकडे निघाले आणि त्यांच्या मागून निघालं वर्तमानपत्र. चक्क वर्तमानपत्राचे बोळे. पत्रा सडून भोक पडलं होतं, त्यात कागद कोंबला, वरून लांबी थापली, घासली, रंग दिला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

गॅरेजला फोन केला. म्हणाले, “ते आधीच्या मालकानं केलेलं असणार, आम्ही तिथे हातच लावला नाही.” भावोजींनीही तेच धरलं: “सोळा-सतरा वर्षांत कुणी काय केलं तुला काय माहीत?” मग मी कागदाचे बोळे उन्हात वाळवले आणि उलगडले. स्थळं पाहिजेत-चं पान होतं. एका तुकड्यावर तारीख शाबूत होती: फेब्रुवारी २०१६. तेव्हा गाडी त्यांच्याच ताब्यात होती. फोटो काढून भावोजींना पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं: “ते असो, पण रंग कसला आला होता!”

तो कागदाचा तुकडा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय, आरसी आणि पीयूसीच्या शेजारी.

आता तुमच्या प्रश्नाकडे. रत्नागिरी-दापोली पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उरलेले महिने खारा वारा. इथे गाडी रिस्टोअर होत नसते. गंजाशी तुमची कायमची भागीदारी असते, त्याला वाटा किती द्यायचा एवढंच तुमच्या हातात. हे मला मिरकरवाड्याच्या एका वेल्डरनं शिकवलं. तो ट्रॉलरची कामं करतो. माझी गाडी पाहून हसला नाही, हे विशेष. खाली वाकला, टॉर्च मारला आणि विचारलं, “पाणी जायला भोकं होती ती कुणी बुजवली?” कंपनीनं दारांखालच्या पोकळ पट्टीला पाणी निघायला ठेवलेली भोकं पुण्यात लांबीनं सफाईदार बुजवली होती. दिसायला छान, आत तळं. त्याचं म्हणणं, बोटीत काय, गाडीत काय, आलेल्या पाण्याचा त्रास नाही, राहिलेल्या पाण्याचा आहे.

त्यानं सडका पत्रा चांगला लागेपर्यंत कापला, नवा वेल्ड केला, आतून-बाहेरून झिंक प्रायमर दिला, भोकं मोकळी केली. चार जागांना चार महिने लागले, कारण मासेमारी बंद असली की बोटींची कामं आधी आणि माझी नंतर. आतल्या पोकळीत काय भरायचं यावर त्याच्या वडिलांनी सल्ला दिला: माशाचं तेल. लाकडी होड्यांना पूर्वी तेच चोपडायचे. मी ऐकलं. गंज थांबला, हे नाकारता येणार नाही. पण दोन महिने गावातली यच्चयावत मांजरं गाडीखाली मुक्कामाला होती आणि बायकोनं त्या काळात एकदाही दार उघडलं नाही. आता मी पोकळीत फवारायचं मेण वापरतो, दर दोन वर्षांनी, मे महिन्यात. तुम्हीही तेच वापरा.

दुसरं पाणी बॉनेटच्या मागच्या खाचेतून येतं. काचेच्या पायथ्याशी पातेरा साचतो, निचऱ्याची वाट बंद होते आणि पाणी ब्लोअरच्या मोटरवर जातं. आंब्याखाली गाडी लावू नका. लावलीच तर दर रविवारी हात घालून पानं काढा. मला हे दोन मोटरी जाईपर्यंत कळलं नव्हतं.

मग वायरिंग. त्या वर्षांतल्या मर्सिडीजच्या इंजिनाच्या वायरिंगचं आवरण इंजिनाच्या उष्णतेनं भुगा होतं. हात लावला की खडूसारखं गळतं. माझी २०१८ मध्ये हातखंब्याच्या तिठ्यावर बंद पडली, ऐन सुट्टीच्या गर्दीत. एका मेकॅनिकनं प्लग बदलले, दुसऱ्यानं कॉइल, तिसऱ्यानं ‘विकून टाका’ म्हणून सांगितलं, तेही पाचशे रुपये घेऊन. शेवटी बोटींचं वायरिंग करणाऱ्या एका पोरानं पूर्ण जुडगा उतरवून, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून, कलई केलेल्या तांब्याच्या तारेनं नवा बनवला. खाऱ्या हवेत साधं तांबं हिरवं पडतं, कलईचं टिकतं. अठरा हजार. त्यानंतर आजवर त्या कारणानं थांबलेली नाही. पुण्याच्या बिलात ‘इलेक्ट्रिकल चेकअप’चे बावीस हजार होते, ते मी भावोजींना दरवर्षी एकदा आठवणीनं सांगतो.

रबराचं थोडक्यात. सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) मिळेनात तेव्हा आंबा घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. नमुना ठेवला, आठ दिवसांत करून मिळाले. पेट्रोलच्या रबरी नळ्या घेतल्या घेतल्या बदला, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुनं रबर त्यापुढे टिकत नाही. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि आठवड्याला निदान वीस किलोमीटर चालवा. नुसती उभ्या जागी चालू करून बंद करण्यात अर्थ नाही, सायलेन्सर आतून सडतो. इंजिन स्वतः दणकट आहे, टायमिंगला चेन असते, हेड गॅसकेट तेवढं पाझरतंय का ते बघा.

शेड हवी. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खाली कोबा, आणि दोन बाजू उघड्या. कव्हर घालू नका. प्लास्टिकच्या कव्हरखाली पावसाळ्यात जी बुरशी वाढते, ती सीटवरून निघत नाही. आणि समुद्रावर गाडी नेऊ नका. हे सांगायची गरज पडू नये, पण आमच्या भावोजींनी २०१९ मध्ये स्वतःची वर्षभराची कोरी एसयूव्ही गणेशगुळ्याच्या पुळणीवर नेली, ‘फोर व्हील आहे’ म्हणत. भरती आली. ट्रॅक्टरनं ओढून काढली. दोन वर्षांत तिच्या पोटाला जो गंज लागला, तो माझ्या गाडीला तेवीस वर्षांत नव्हता. तरी पांढरा हत्ती माझीच, नाकापेक्षा मोती जड तेही माझंच.

कागदपत्रं. पन्नास वर्षं झाल्याशिवाय गाडी सरकारी हिशेबात ‘व्हिंटेज’ होत नाही, २०२१ चा नियम आहे. तुमची-माझी २०४६ ला होईल, मी तेव्हा पंचाहत्तरीत असेन. तोवर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचे १०,००० रुपये आहेत, पर्यावरण कर वेगळा. पण परदेशातून आणलेल्या चारचाकीला हेच ८०,००० आहेत. तेव्हा कुणी आखातातून आलेली जुनी मर्सिडीज स्वस्तात दाखवली तर भुलू नका. पिंपरीची घ्या.

एकूण खर्च विचारलात. पुण्यातले तीन चाळीस बुडीत धरा. त्यानंतर वर्षाला चाळीस-पन्नास हजार, कधी पंधरा, एका वर्षी लाखाच्या वर. बेरीज मी केलेली नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. वेल्डर आता मित्र झालाय, मजुरीत आंब्याच्या पेट्या वळत्या होतात, त्यामुळे माझे आकडे तुम्हाला लागू पडतीलच असं नाही. घरात दुसरी गाडी आहे, दवाखाना-बाजार तिच्यावर चालतो. ही एकटीच असती तर मी केव्हाच विकली असती. आणि रोज नोकरीला जायला हवी असेल तर कृपा करून मारुती घ्या. पुण्यातली सगळी गॅरेजं तशी नाहीत, हेही मान्य. भावोजींच्या ओळखीतलं तसं होतं.

भावोजी दर मेमध्ये येतात. परवाच्या मेमध्ये रत्नागिरी स्टेशनवरून याच गाडीनं आणलं. मागच्या सीटवर बसून म्हणाले, “चालते छान रे, पण रंग पार गेला.” खरंय. बॉनेट पुन्हा फिकट पडलंय, मागच्या चाकावर नुसत्या प्रायमरचा राखाडी चट्टा आहे. मी डॅशबोर्डचा कप्पा उघडायला हात नेला होता, ताईनं आरशातून डोळे वटारले म्हणून थांबलो.

तुम्ही निगडी-कोथरूड कुठेही ती गाडी बघायला जाल, तेव्हा खिशात लोहचुंबक आणि स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. चुंबक पत्र्यावरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. दारांखालच्या आवरणाला जॅकच्या चार जागी चार झाकणं असतील, ती काढून आत टॉर्च मारा. मालक ‘झाकणं निघत नाहीत’ म्हणाला तर चहा पिऊन परत या. निघाली तर आत काय दिसलं त्याचे फोटो इथे टाका, मी बघून सांगतो. रंगाचे फोटो नकोत.