हे गाणं ऐकच!
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह गाणी एकमेकांना कशी सुचवावीत, कोणाला कोणती सुचवावीत, यावर नाशिक आणि परिसरातून आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. ही गाणी बहुतेक वेळा चित्रपटाबाहेरची असतात आणि अनेकदा कलाकारांनी स्वतःच्या खर्चाने काढलेली. ती रेडिओवर क्वचित लागतात, मिरवणुकीत तर नाहीच. कुणीतरी कुणाला तरी ‘हे ऐक’ म्हणतं, तेव्हाच ती पुढे जातात. म्हणून ते म्हणणं नीट जमायला हवं.

माझ्या आवडत्या गाण्यांची साठ गाण्यांची प्लेलिस्ट मी मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी लाइक केलं, ऐकलं कुणीच नाही. काय चुकलं?
*एक वाचक, कॉलेज रोड*

साठ गाणी म्हणजे चार तास. एवढा वेळ आपण कुणाकडेही मागू शकत नाही. शिवाय ग्रुपवर टाकलेलं गाणं कुणा एकाचं नसतं, त्यामुळे ते ऐकायची जबाबदारीही कुणावर येत नाही. एका माणसाला एकच गाणं पाठवा, आणि त्याच्या वैयक्तिक चॅटवर पाठवा.

सोबत दोन वाक्यं लिहा: हे तुलाच का पाठवतेय, आणि कान कुठे द्यायचा. ‘भारी आहे, ऐक’ यातून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. समजा मैत्रिणीला जुन्या हिंदी सिनेमातली क्लबमधली गाणी आवडतात. मग तिला दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग को.’ या बँडच्या ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) या अल्बममधलं ‘फ्लोटेड बाय’ पाठवा आणि लिहा, ‘तुझ्या आवडीच्या जमान्यातला वाटेल असा आवाज आहे, मागची तोंडाने फुंकायची वाद्यं ऐक.’ आता तिला ऐकायला कारण मिळालं.

‘इअरफोन लावून ऐक’ हेही लिहाच. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपनं) वाजते आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर त्याच्या कितीतरी वरपासून सुरू होतो. ज्या गाण्याचा जीव बेसमध्ये, म्हणजे खालच्या जाड सुरांत आहे, ते फोनवर पोकळ ऐकू येतं आणि समोरच्याला वाटतं की गाण्यातच काही नाही. पहिल्यांदा पाठवायचं गाणं असं निवडा की आवाज किंवा मुख्य सुरावट अर्ध्या मिनिटाच्या आत येईल. दोन मिनिटं हळूहळू चढत जाणारी गाणी सुंदर असतात, पण ती ओळख झाल्यानंतरची. तरी लांब गाणंच पाठवायचं असेल, तर संगणकावर यूट्यूबच्या ‘शेअर’ खिडकीत सुरुवातीची वेळ निवडता येते. म्हणजे लिंक उघडल्यावर गाणं नेमक्या त्या जागेपासून लागतं.

लिंक पाठवण्यातही चुका होतात. समोरच्याकडे कोणत्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन आहे ते आधी विचारा. काहीच नसेल तर यूट्यूब. तिथे बँडचं स्वतःचं चॅनेल शोधा, किंवा नावापुढे ‘टॉपिक’ लिहिलेलं चॅनेल घ्या. त्यावरची गाणी वितरकाकडून अधिकृतपणे आलेली असतात. भलत्याच कुणी चढवलेल्या प्रतींमध्ये वेग आणि सूर बदललेले असतात, वर घुमारा चढवलेला असतो. पहिली ओळख अशा प्रतीने झाली तर मूळ गाणंच पुढे विचित्र वाटू लागतं.

समोरच्याने ‘अजून पाठव’ म्हटलं तरच प्लेलिस्ट करा. सात-आठ गाणी, अर्धा तास, एका कलाकाराचं एकच गाणं. सर्वांत मोकळं, पटकन आत घेणारं गाणं पहिलं ठेवा. तुमचं सर्वांत लाडकं पण अवघड गाणं तिसरं किंवा चौथं. लागोपाठ दोन संथ गाणी नकोत, माणूस तिथेच गळतो. आणि दुसऱ्या दिवशी ‘ऐकलंस का?’ असा तगादा लावू नका. आठवडाभराने ‘कुठला भाग आवडला?’ असं विचारा. नाही आवडलं असं उत्तर आलं तर तेही उपयोगाचं आहे, पुढचं गाणं त्यावरून ठरतं.

वडील अभंग आणि भावगीतं ऐकतात. गिटार वाजली की ‘बंद कर ते’ म्हणतात. त्यांना यातलं काही आवडू शकेल का?
*एक वाचक, पंचवटी*

नक्की आवडेल. शब्द ओळखीचे असले की वाद्यांचं परकेपण सहन होतं, म्हणून सुरुवात शब्दांपासून करा. मुंबईचा ‘अभंग रीपोस्ट’ हा बँड संतांचे अभंग बेस आणि ड्रम्सबरोबर गातो. अभंग त्यांना पाठ असेल, त्यामुळे चाल वेगळी निघाली तरी ते शब्दांच्या आधाराने टिकून राहतील. चाल आवडली नाही तर वाद घालतील, पण तो वादही ऐकूनच घालावा लागतो! त्यानंतर ‘नीरज आर्याज कबीर कॅफे’. हाही मुंबईचाच. कबिराची पदं, त्यावर माळव्याच्या लोकगायकीची छाप, वाद्यं मोजकी.

तिसरी पायरी दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ची. ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं. गोदाकाठी राहणाऱ्या माणसाला नदीला आई म्हणणं समजावून सांगावं लागत नाही. ‘कंदिसा’ (२०००) मात्र नंतरच. त्याचे शब्द सिरियाक या प्राचीन भाषेतल्या ख्रिस्ती प्रार्थनेचे आहेत आणि गाणं सात मिनिटांहून लांब आहे. ही प्रार्थना आहे, एवढंच आधी सांगा. आलापासारखा वर चढत जाणारा एकत्र स्वर त्यांना आपोआप सापडेल.

एक पथ्य पाळा. त्यांच्या रोजच्या ऐकण्याच्या वेळेत हे घुसवू नका. सकाळी देवपूजेच्या वेळी गिटार लावलीत तर नकार ठरलेलाच.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जातो. कसारा घाटात रेंज जाते आणि गाणं अडकतं. शिवाय गाडीच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नाही. प्रवासासाठी कोणती गाणी घ्यावीत?
*एक वाचक, नाशिकरोड*

आधी रेंजचं. गाणी रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट माहिती) दर्जाचं गाणं मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा घेतं. साडेतीन तासांचा ऐवज म्हणजे सुमारे ५०० एमबी. १६० वर ठेवलंत तर तो निम्म्यावर येतो, आणि धावत्या गाडीत या दोहोंतला फरक कळण्याची शक्यता फार कमी. डाउनलोड करूनही गाणं लागत नसेल तर दोन कारणं तपासा. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपला निदान ३० दिवसांतून एकदा इंटरनेट लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी बंद पडतात. दुसरं, फोनचा बॅटरी सेव्हर अ‍ॅपला मागे चालू देत नसेल तर डाउनलोड अर्ध्यावर थांबलेलं असतं. सकाळी निघण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकून एक गाणं लावून बघा. लागलं तर घाटातही लागेल.

आता आवाजाचं. गाडीचा घरघराट मुख्यतः खालच्या पट्टीत असतो आणि गाण्यातला बेस तोच गिळतो. त्यावर उपाय म्हणून आवाज वाढवू नका, आधी इअरफोनची रबरी टोपी बदला. बहुतेक इअरफोनबरोबर तीन मापं येतात आणि लोक मधलं माप न बदलता वापरत राहतात. टोपी कानात घट्ट बसली नाही तर बेस बाहेर पळतो आणि डब्याचा आवाज आत येतो. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे, ९० डेसिबलवर फक्त ४ तास. रोज जाऊन-येऊन सात तास ऐकणाऱ्याने हा आकडा गांभीर्याने घ्यावा.

गाडीत ज्यांचा आवाज एकसारखा भरलेला राहतो अशी गाणी टिकतात. ‘द लोकल ट्रेन’चा ‘आलस का पेड़’ (२०१५) घ्या. हिंदी रॉक आहे, गिटारी भरघोस, गायकाचा आवाज स्पष्ट पुढे. त्यातलं ‘छू लो’ कुठेही ऐका, हरवत नाही. बंगळुरूच्या ‘परवाज़’ बँडचा ‘बरान’ (२०१४) मात्र शांत आणि भडका यांच्यामध्ये सतत फिरतो. उर्दू आणि काश्मिरीतलं हे काम आम्हाला फार मोलाचं वाटतं, पण डब्यात त्याचे हळू भाग ऐकू येणार नाहीत आणि तुम्ही आवाज वाढवाल, मग भडक्याला कान दुखतील. तो रविवारी घरी ऐका. पुण्याच्या ‘इझी वॉन्डरलिंग्ज’चा ‘अ‍ॅज रिटन इन द स्टार्स’ (२०१७) हलकाफुलका आहे, परतीच्या प्रवासात दमलेल्या डोक्याला चालेल.

मुलगा नाशिक ढोल पथकात वाजवतो. ठेक्याशिवाय त्याला गाणंच वाटत नाही. त्याला काय द्यावं?
*एक वाचक, जुने नाशिक*

असा श्रोता मिळणं ही चैन आहे. त्याला अमेरिकेच्या ‘बॅटल्स’ बँडचं ‘अ‍ॅटलस’ (२००७) द्या. ठेका तिश्र अंगाचा (तीन-तीनच्या चालीचा), झुलता, आणि ड्रम्स गाण्याच्या मागे नाहीत, तेच गाणं चालवतात. गायकाचा आवाज यंत्रातून इतका पिळून काढलाय की शब्द कळत नाहीत, आणि ते कळण्याची गरजही नाही.

मग ‘रेडिओहेड’चं ‘फिफ्टीन स्टेप’. त्यांच्या ‘इन रेनबोज’ (२००७) या अल्बममधलं पहिलंच गाणं. ते पाच मात्रांचं आहे. काही न सांगता लावा आणि त्याला टाळी धरायला सांगा. चाराच्या सवयीने धरली तर दुसऱ्याच आवर्तनात सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सुटेल. मग पाच मोजायला सांगा. तालात मुरलेल्या पोराला हे गाणं त्यापुढे सोडणार नाही.

मराठीच हवं असेल तर क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ त्याने आधीच ऐकलं असेल. ते क्लबमधल्या हाउस संगीताचं गाणं आहे. किक ड्रमचा जाड ठोका प्रत्येक मात्रेवर सारखा येतो. ढोलाच्या टिपरूचं आणि थापीचं काम त्यावर कुठे बसेल, हे त्यालाच शोधू द्या.

इंग्रजी गाण्यांचे उच्चार कळत नाहीत, म्हणून ऑल्टरनेटिव्ह संगीत सोडून दिलं. परत सुरुवात कुठून करू?
*एक वाचक, सिडको*

जिथे शब्द कुणालाच कळत नाहीत तिथून. आइसलँडच्या ‘सिगुर रोस’ बँडने २००२ चा अख्खा अल्बम अर्थ नसलेल्या, स्वतः रचलेल्या बोलांत गायला आहे. त्याला नावाच्या जागी नुसते दोन कंस आहेत. पण तो लांब आणि संथ आहे, म्हणून आधी त्यांचं ‘होप्पीपोल्ला’ (२००५) ऐका, साडेचार मिनिटांत होतं. इंग्लंडच्या ‘स्लोडाइव्ह’चा ‘सूव्हलाकी’ (१९९३) घेतलात तर तिथे आवाज मुद्दाम गिटारींच्या धुक्यात बुडवलेला आहे. शब्द न कळणं हा तुमचा कमीपणा नाही, रचनाच तशी आहे.

शब्द कळावेत अशी इच्छा झाली की निक ड्रेकचा ‘पिंक मून’ (१९७२). अकरा गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपणारी. फक्त गिटार आणि आवाज, एका गाण्यात थोडा पियानो. गाण्याचे शब्द शेजारी उघडून, दिवसाला एकच गाणं.

आवडलेल्या बँडपर्यंत पैसे पोचावेत असं वाटतं. नुसतं ऐकून पोचतात का?
*एक वाचक, गंगापूर रोड*

फार कमी. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. नव्या बँडची बरीच गाणी या रेषेखाली राहतात. त्यामुळे तुम्ही आणखी चारजणांना ऐकायला लावलंत, तर त्याचा खराखुरा उपयोग होतो.

थेट मदत करायची तर बँड ‘बँडकॅम्प’ या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर आहे का ते बघा. तिथे डिजिटल विक्रीतून १५ टक्के कापले जातात, पेमेंटचं शुल्क वेगळं, उरलेलं कलाकाराचं. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ या ठरलेल्या शुक्रवारी ते १५ टक्केही सोडून देतात. कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते सुरू करा, मर्यादा अल्बमच्या किमतीच्या थोडी वर ठेवा, आणि काम झालं की परत बंद करा. उतरवून घेताना जागा असेल तर ‘फ्लॅक’ हा फाइलचा प्रकार निवडा. चार मिनिटांचं गाणं २० ते ३० एमबी होतं, पण दर्जा जराही कापला जात नाही. हीच फाइल मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्याला बँडच्या पानाची लिंक द्या; अनेक बँड तिथे पूर्ण गाणं फुकट ऐकू देतात.

आणि तुमच्या कॅफेत ही गाणी लावणार असाल (पत्रात तसा उल्लेख आहे), तर घरच्या सबस्क्रिप्शनवर ते चालत नाही. सार्वजनिक जागी वाजवायला ध्वनिमुद्रणासाठी ‘पीपीएल’ आणि शब्द-चालीसाठी ‘आयपीआरएस’ या संस्थांचा परवाना लागतो. जे बँड यांपैकी कुठेच नोंदलेले नाहीत, त्यांना ईमेल करून लेखी परवानगी घ्या. मेलमध्ये गाण्यांची नावं, कॅफेतल्या खुर्च्यांची संख्या आणि रोज किती तास वाजवणार ते लिहा.