ज्वारीच खातो, तरी टीटीजी का उतरत नाही?

तुम्ही विचारलंय: 9 वर्षांच्या मुलाला सीलिएक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडण्याचा आजार) निघाला, पोळी बंद करून दादर ज्वारीची भाकरी सुरू केली, 8 महिने झाले तरी टीटीजी (रक्ततपासणीतला आकडा) जागचा हलत नाही, तर औषध आहे का?

औषध अजून बाजारात आलेलं नाही. लॅराझोटाइड या औषधाची मोठी चाचणी 2022 मध्ये गुंडाळली. झेडईडी-1227 या दुसऱ्या औषधाचे 2021 चे निकाल चांगले होते. ते ट्रान्सग्लुटामिनेज या एन्झाइमलाच अडवतं. तुमच्या रिपोर्टमधला टीटीजी म्हणजे याच एन्झाइमविरुद्धची प्रतिपिंडं. ग्लुटेनचे काही तुकडे पुरते पचत नाहीत. हे एन्झाइम त्यांच्यात असा बदल करतं की रोगप्रतिकारक पेशी चवताळतात, आतड्याला सूज येते. आकडा अजिबात उतरत नसेल तर बहुतेक वेळा गहू कुठून तरी पोटात जातोय.

माझा पहिला संशय चक्कीवर. दादरमध्ये ग्लुटेन नाही, पण तुमच्या आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण झालेलं असतं. दगडांच्या फटीत, पीठ पडतं त्या कापडी बाहीच्या घड्यांत ते चिकटून राहतं आणि तुमच्या डब्यात उतरतं. समजा 5 किलोत 50 ग्रॅम आलं. 200 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून 2 ग्रॅम गहू, म्हणजे साधारण 200 मिलिग्रॅम ग्लुटेन. रोजचं 50 मिलिग्रॅमही तीन महिन्यांत आतडं बिघडवू शकतं. आधी किलोभर तांदूळ फिरवून घेतला तरी भरवसा नाही. नवीच घरघंटी घ्या (जुनी नको), आणि तिच्यात गहू पाहुण्यांपुरताही नाही. दादर थाळीत पसरून निवडा. गोल दाण्यांत गव्हाचा लांबट दाणा लगेच दिसतो. मग धुऊन, कडक वाळवून दळा. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत मिसळायच्या उडदालाही हेच.

मग हिंगाची डबी वाचा. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. बट्टी, शेवया, दलिया तर गहूच, आणि खपलीसुद्धा. ‘खपली चालते’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कणीक मळायची परात भाकरी थापायला नको.

सुरुवातीचा आकडा फार मोठा असेल तर नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, पण तो खाली सरकताना दिसायला हवा. तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये करा. भावंडांची आणि तुम्हा दोघांची टीटीजी-आयजीए व एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) तपासून घ्या, तेही गहू खाणं चालू असतानाच. आधीच बंद केला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.