आजोबांच्या बाळपणची कुंची नि झबली: धुवावीत का, संग्रहालयाला द्यावीत का?

आधी एक सांगते: धुऊ नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नका.

तुम्ही लिहिलंय की यवतमाळकडच्या घरी आजीची संदूक उघडली, तर आजोबांची जरीची कुंची, दोन सुती झबली आणि एक टोपडं निघालं. कुंची संग्रहालयाला द्यावी आणि डागाळलेली झबली टाकून द्यावीत, असं घरच्यांचं म्हणणं. मी काही वर्षं एका संग्रहालयाच्या वस्त्र विभागात नोंदी ठेवायचं काम केलं, आता आर्वीकडे गावात राहते. माझं मत घरच्यांच्या नेमकं उलट आहे. एकच वस्तू द्यायची झाली तर झबलं द्या.

कुंची बारशाला बाहेर निघायची, फार तर देवाच्या पाया पडायला नेताना, आणि परत संदुकीत जायची. म्हणून कुंच्या टिकल्या. झबलं एका पोरावर थांबत नसे. थोरल्याचं धाकट्याला, मग काकाच्या पोट्ट्याला, विरलं की वाकळीच्या पोटात, नाहीतर चुलीजवळचं फडकं. त्यामुळे संग्रहालयांत मुलांचे सणावारी कपडे पुष्कळ दिसतात, रोजचे क्वचितच. देशोदेशीच्या संग्रहांची हीच रड आहे.

झबलं उलटं करून खिडकीजवळ बघा. शिलाई हातची की मशीनची? बंद आहेत की टिचबटणं? खालची दुमड उसवून लांबी वाढवली असेल तर तिथे गडद पट्टा दिसेल आणि जुन्या सुईची भोकं ओळीने दिसतील. पोर वाढलं पण कापड नवं आणलं नाही, हे त्यावरून कळतं. आमच्या विभागात एक झबलं आलं होतं, नऊवारीच्या तुकड्याचं. शिवणारीने लुगड्याचा काठ नेमका पुढच्या उघड्या बाजूला घेतला होता, म्हणजे तिथे दुमडायची गरजच नाही. गळ्यापाशी काजळाचं बोट पुसल्याचा डाग होता. तो डाग आम्ही काढला नाही, नोंदीत लिहिला.

धागा कुठे जाड, कुठे बारीक असेल तर हातकताईचं कापड असू शकतं. तुमच्या आजोबांचा जन्म १९४० च्या आसपासचा म्हणता. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात खादीचं काम जोरात होतं, तेव्हा हे अगदी शक्य आहे. कापडाच्या टोकाला गिरणीचा शिक्का उरला असेल तर नशीबच म्हणायचं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. मात्र शिक्क्यावरून कापड कुठलं ते कळतं, झबलं कधी शिवलं ते नाही.

आता ठेवायचं कसं. जुनं, विरलेलं सूत ओलं झालं की आपल्याच वजनाने फाटू शकतं, शिवाय कच्चा रंग पसरतो. जरीवर चिंच, लिंबू, चांदीची पावडर काही लावू नका. चांदीची जर हवेतल्या गंधकाने काळी पडते. घासली तर काळेपणाबरोबर वरचा सोन्याचा मुलामाही जातो. दिवाळीआधी कपड्यांना ऊन दाखवायची आपली रीत चांगली, पण या कपड्यांना ऊन दाखवू नका. संग्रहालयात कापडावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं माप) वर प्रकाश पडू देत नाहीत, आणि आपल्या अंगणातलं ऊन त्याच्या हजारपटीहून जास्त असतं.

टिनाखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, वैशाखात तिथे भट्टी असते. आतल्या खोलीत, भिंतीपासून सुटी, विटांवर किंवा स्टँडवर ठेवलेली पेटी बरी. उधई लागली तर लगेच दिसते. कोरं मलमल दोन-तीनदा धुऊन खळ काढा (कसर खळीवरच येते) आणि त्यात कपडे गुंडाळा. कुंची घडी घालून ठेवू नका, घडीवर जरीची तार तुटते. डोक्याच्या भागात त्याच मलमलचा बोळा भरा, मागचा झोळ सरळ पसरू द्या. प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. लोखंडी टाचण्या असतील तर हलक्या हाताने काढा. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर वाळवून, पुरचुंडीत, कापडाला न लागेल असा.

आणि डांबरगोळ्या? संदुकीत त्या असतील तर ही कुंची घरातल्या नव्या बाळाला बारशाला घालायचा मोह टाळा. हे मी जपणुकीसाठी म्हणत नाही. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वासातले कपडे घातल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. बाळाला ही कमतरता आहे की नाही, ते बाराव्या दिवशी कुणाला माहीत असतं? फोटोपुरती बाळाशेजारीही ठेवू नका.

द्यायचं कुठे? पुण्याचं केळकर संग्रहालय पहिलं आठवतं, दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलेलं. पण मी आधी जवळ विचारीन. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ चा. झबलं खादीचं निघालं तर वर्ध्याचं मगन संग्रहालय. ते १९३८ पासून खादी आणि ग्रामोद्योगासाठीच आहे. वस्तू घेऊन थेट जाऊ नका, आधी फोटो आणि पत्र पाठवा. दिलेली वस्तू मांडतीलच असं नाही, बहुतेक वस्तू कपाटातच राहतात. दानपत्रावर सही केली की ती परतही मागता येत नाही, तेव्हा भावकीत आधी बोलून घ्या.

पत्रात "जुने कपडे" एवढंच लिहिलं तर उत्तर येईलच असं नाही. कुणाचे, कोणत्या गावचे, कुणी शिवले, त्याच्यानंतर कुणाकुणाच्या अंगावर गेले, हे लिहा. आजी आहेत ना अजून? मग झबलं त्यांच्या हातात द्या, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि बोलू द्या. सासूने काय सांगितलं होतं, टोपडं कुणी शिवलं, पोर जगावं म्हणून पाच घरचं कापड मागून आणलं होतं का, हे त्यांनाच ठाऊक असणार. संग्रहालयासाठी ही माहिती लिहिलेली चिठ्ठी कपड्याला टाचणीने लावू नका. जाड दोऱ्याने बंदाला सैल बांधा, आणि लिहा पेन्सिलीने. शाई पाझरते.