बसची कॅम्पर केली आहे, कोकणातल्या वळणांवर समोरच्याला ऐकू यावं म्हणून मोठा एअर हॉर्न लावू का?

एकाच सुराचा, ठरलेल्या आवाज-मर्यादेतला हॉर्न खुशाल लावा. पण ‘पों-पों-पीं’ वाजणारा म्युझिकल किंवा कानठळ्या बसवणारा प्रेशर हॉर्न नको. केंद्रीय मोटार वाहन नियम 119 नुसार अनेक सुरांचे, कर्कश हॉर्न चालत नाहीत. मोटार वाहन कायद्यातल्या आवाजाच्या कलमाखाली, म्हणजे 190(2) खाली, पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, वर लायसन्सही अडकतं.

त्याआधी आहे तो हॉर्न तपासा. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने अर्थिंगचा बोल्ट गंजतो आणि हॉर्न म्हाताऱ्या बोकडासारखा खाकरतो. बोल्ट घासून नीट आवळा, रिले (हॉर्नला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) टाका, निम्म्या वेळा काम तिथेच होतं. बस 24 व्होल्टची असेल तर कारचा 12 व्होल्टचा हॉर्न जोडू नका, जळेल.

एअर हॉर्नच हवा असेल तर एक गोष्ट पक्की: ब्रेकच्या टाकीतून हवा घ्यायची नाही. फोंडा घाट उतरताना प्रेशर कमी पडलं तर हॉर्न वाजवून काय करणार? ब्रेकची हवा राखून ठेवणाऱ्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हनंतरच्या जादा सर्किटवरून घ्या, आणि ते काम एअर ब्रेकवाल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. भोंग्याचं तोंड थोडं खाली झुकतं ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी भरेल.

आणि आंधळ्या वळणावर, दापोली-गुहागरकडच्या अरुंद रस्त्यांवर तर नक्कीच, हॉर्नपेक्षा दुसरा गिअर जास्त उपयोगी. रात्री डिपर द्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.