आपल्याच विभागावर संशोधन करावे का?

प्रश्न : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यापासून मी बालकल्याण संस्थेत काम करते आणि सध्या एका विभागाची प्रमुख आहे. नोकरी न सोडता डॉक्टरेट करायची आहे. पीएचडीऐवजी ‘व्यावसायिक डॉक्टरेट’ करण्याचे एका सहकाऱ्याने सुचवले. ती कमी दर्जाची समजली जाते का? माझ्याच विभागावर संशोधन करता येईल का?

उत्तर : दर्जा कमी नाही, प्रयोजन वेगळे आहे. पीएचडीचा प्रश्न बहुधा अभ्यासशाखेतील चर्चेतून निघतो, व्यावसायिक डॉक्टरेटचा रोजच्या कामातून. मौलिकतेची अट मात्र दोन्हीकडे आहे. शिक्षणशास्त्रातील अशी पदवी हार्वर्ड विद्यापीठाने १९२०च्या दशकातच द्यायला सुरुवात केली होती आणि ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने ती १९९२ मध्ये सुरू केली. तेथे हा प्रबंध बहुधा ४० ते ६० हजार शब्दांचा, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधाहून लहान असतो; परंतु त्याआधी संशोधनपद्धतीचे अभ्यासक्रम आणि लेखी कामे पूर्ण करावी लागत असल्याने श्रम वाचतात, असे मानू नये. पुढे विद्यापीठात अध्यापन करायचे असेल, तर त्या पदाच्या पात्रतेत ही पदवी धरली जाते का, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

अर्धवेळ नोंदणीत चार ते सहा वर्षे सहज जातात. तरीही, माझ्या मते, वेळेपेक्षा तुमचा शेवटचा प्रश्न अधिक अवघड आहे. तुम्हाला विभाग आतून ठाऊक आहे, हा लाभ खराच. पण ज्यांच्या रजा आणि बढत्या तुमच्या सहीने ठरतात, त्यांनी मुलाखतीला दिलेला होकार कितपत मोकळा असेल? नावे बदलली तरी लहान संस्थेत कोण काय बोलले, हे सहकारी चटकन ओळखतात. शिवाय मुलांच्या नोंदी सेवेसाठी जमवलेल्या असतात. रोज हाताळता म्हणून त्या तुमच्या संशोधनाची सामग्री ठरत नाहीत. त्यांच्या वापरासाठी संस्थेची लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि मुलांशीच बोलायचे असेल तर पालकांच्या संमतीबरोबर मुलांची तयारीही पाहावी लागते.

त्यामुळे तुमच्या विभागात चालते तीच कार्यपद्धती संस्थेच्या दुसऱ्या शाखेत अभ्यासणे मला अधिक योग्य वाटते. ते शक्य नसेल, तर सहभागासाठी विचारणा आणि मुलाखती तुमच्या अधिकाराबाहेरच्या व्यक्तीकडे सोपवाव्यात, आणि कोणी नकार दिला हे तुम्हालाही कळू नये.

अर्जापूर्वी संशोधनप्रश्न एका पानावर लिहून संचालकांना दाखवा आणि निष्कर्ष संस्थेला प्रतिकूल निघाले तरी प्रबंध सादर करता येईल, हे लेखी मागून घ्या. मुलाखतींच्या मूळ नोंदी पाहण्याचा हट्ट ते धरू लागले, तर आपल्या संस्थेवरील संशोधनाचा विचार सोडून विषय बाहेरचा निवडा.