सेंद्रिय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता कोण देतं?

तुमचा प्रश्न असा: देवगडच्या तुमच्या काकांकडे एक खासगी संस्था आली आहे, पैसे भरा, बागेला सेंद्रिय प्रमाणपत्र देतो म्हणते. या संस्थेला हा अधिकार दिला कोणी, आणि तो कागद परदेशात चालेल का? मी रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदारांच्या एका गटाची अंतर्गत तपासणी बघतो. त्यातून जे कळलंय ते सांगतो.

संस्था खासगी आहे यात वावगं काही नाही. बघायचं ते तिच्या वर कोण आहे. वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ साली सुरू झाला, आम्ही सगळे त्याला एनपीओपी म्हणतो. या कार्यक्रमात प्रमाणन संस्थांना मान्यता देणारं एक राष्ट्रीय मंडळ आहे आणि त्याचं कामकाज अपेडा, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, बघते. संस्थेने तिथे अर्ज करायचा आणि आपला कारभार प्रमाणन संस्थांसाठीच्या आयएसओ १७०६५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालतो हे दाखवून द्यायचं. त्यातल्या दोन अटी शेतकऱ्याने पाठच कराव्यात. बाग तपासणाऱ्यानेच प्रमाणपत्राचा निर्णय घ्यायचा नाही. आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने त्याच शेतकऱ्याला सल्ला किंवा खतं-औषधं विकायची नाहीत. काकांकडे आलेला माणूस ‘खत आमचंच घ्या, कागदाचं आम्ही बघतो’ असं म्हणत असेल, तर त्याला पायरीवरूनच परत पाठवा.

कागदपत्रांची छाननी झाली की मूल्यांकन करणारे लोक संस्थेच्या कार्यालयात जाऊन फायली उघडतात. मग संस्थेच्या निरीक्षकाबरोबर प्रत्यक्ष बागेतही येतात. आमच्या गटातल्या एका बागेत अशी तपासणी झाली. निरीक्षकाने कलमांच्या बुंध्याभोवतीची माती बघितली आणि कल्टार हे झाडाची वाढ रोखणारं रसायन शेवटचं कधी घातलं ते विचारलं. मोहोर लवकर यावा म्हणून कोकणात ते सर्रास घालतात. सेंद्रियमध्ये ते चालत नाही, आणि मातीतून ते लवकर जातही नाही. गडग्यापलीकडच्या बागेत फवारणी होते तेव्हा वारा कुठून असतो? पंप घरचा की भाड्याचा? भाड्याचा असेल तर आधी त्यातून काय मारलं होतं? असं सगळं चाललं होतं, आणि मूल्यांकन करणारे दोघं मागे चकार शब्द न काढता लिहून घेत होते. परीक्षा निरीक्षकाची होती. तो काय विचारतो, काय विचारायचं राहतं, कुठे नुसत्या मालकाच्या शब्दावर भागवतो, हे ते बघत होते. मला तरी या सगळ्या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोलाची पायरी वाटते.

मान्यता कायमची नसते. मुदत संपली की नूतनीकरण, मध्ये देखरेख, आणि गडबड आढळली तर निलंबन.

आता परदेशाचं. आपल्या मंडळाने संस्थेला मान्यता दिली म्हणून दुसऱ्या देशाने ती मानलीच पाहिजे असं नाही. युरोपीय महासंघाने आणि स्वित्झर्लंडने एनपीओपी आपल्या नियमांच्या तोडीचं मानलं, पण प्रक्रिया न केलेल्या शेतमालापुरतंच. म्हणजे ताजा हापूस त्यात बसतो, कॅनिंगचा रस नाही. अमेरिकेनेही २००६ पासून अपेडाने दिलेली मान्यता ग्राह्य धरली होती, पण जानेवारी २०२१ मध्ये तो करार मोडला. त्यानंतर तिथे माल पाठवायचा तर संस्थेकडे थेट अमेरिकी कृषी खात्याची मान्यता लागते. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड हा जंतू मारायला वापरतात तो वायू सापडल्याचं प्रकरण २०२० पासून गाजत होतं, आणि २०२१ च्या अखेरीस युरोपने आपल्याकडच्या पाच संस्था यादीतून काढून टाकल्या. चूक कुणाची का असेना, अशा वेळी त्या संस्थेच्या कागदावर विसंबलेल्या प्रामाणिक शेतकऱ्याचा मालही अडकतो. म्हणून संस्था निवडताना फी किती हे नंतर विचारा, आधी आंबा कुठे जाणार ते ठरवा.

काकांचा आंबा मुंबई-पुण्यातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना थेट जात असेल, तर एवढा खर्च मला पटत नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१७ च्या नियमांत लहान उत्पादकाने थेट खाणाऱ्याला विकलेल्या मालाला प्रमाणपत्राची सूट आहे. दुकानातून ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा असेल तर एनपीओपीचं नाहीतर पीजीएसचं प्रमाणपत्र लागतं. पीजीएसमध्ये गावातलेच किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या बागा तपासतात आणि त्यावर प्रादेशिक परिषद मंजुरी देते. खर्च फारच कमी, पण निर्यातीला ते चालत नाही.

निर्यातच करायची असेल तर एकट्याने पडू नका. एनपीओपीत २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करता येतो आणि फी वाटली जाते. आंब्यासारख्या बारमाही झाडांना रूपांतराचा काळ, म्हणजे रसायनं सोडल्यापासून माल पूर्ण सेंद्रिय धरला जाईपर्यंतचा, साधारण तीन वर्षांचा असतो. ‘यंदाच्या हंगामात पूर्ण सेंद्रियचा कागद देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे मान्यता क्रमांक मागा आणि अपेडाच्या संकेतस्थळावरच्या यादीत ते नाव आहे का, निलंबित तर नाही ना, हे काकांना पैसे भरण्याआधी तुम्हीच बघून द्या.