वाचक विचारतात : अंदाजपत्रक शिलकी, खात्यात खडखडाट

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक दरवर्षी शिलकी असतं. तरी मे उजाडला की पाण्याची मोटार दुरुस्त करायला पैसे नसतात, वीजबिल थकतं. चूक कुठे शोधायची?
– ग्रा. पं. सदस्य, मोहोळ तालुका, जि. सोलापूर

उत्तर : आधी जमेची बाजू तपासा. नमुना 9 मधली (कर मागणी नोंदवहीतली) करमागणी जशीच्या तशी नमुना 1 मध्ये, म्हणजे अंदाजपत्रकात उचलली जाते, दुखणं बहुधा तिथेच असतं. समजा, चालू मागणी 6 लाख, थकबाकी 4 लाख; कागदावर उत्पन्न 10 लाख. रोकडवहीतून मागच्या तीन वर्षांची खरी वसुली काढा. ती सरासरी साडेपाच लाख निघाली तर अंदाजातही साडेपाचच धरा. थकबाकी हाती आलीच तर खर्च नंतर वाढवता येतो. आधी खर्चून बसलं की मागे फिरता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. उसाच्या पट्ट्यात घरपट्टी-पाणीपट्टी भरली जाते ती कारखान्याचं बिल मिळाल्यावर, नाहीतर मार्चअखेरच्या रेट्यात. पाण्याचा खर्च मात्र एप्रिल ते जून. त्यामुळे वार्षिक रकमेला बारानं भागून काही कळत नाही. जमा आणि खर्च महिनावार मांडा, आणि मार्चच्या वसुलीतूनच उन्हाळ्याची रक्कम राखून ठेवा. मार्चमध्ये गटारीची कामं काढून खातं रिकामं करण्याची घाई नडते.

मासिक सभेत जमाखर्च वाचला जातो, पण त्यात फक्त दिलेले पैसे दिसतात. प्रत्येक शीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या बाबीपुढे, चार रकाने मागा : तरतूद, झालेला खर्च, कार्यादेश दिलेल्या कामांचं देणं, उरलेली रक्कम. तरतूद 3 लाख, खर्च 1 लाख आणि दीड लाखाचं काम चालू असेल, तर हातात 50 हजारच आहेत. तिसरा रकाना नसला की सभेला 2 लाख दिसतात आणि नवं काम मंजूर होतं. एका शीर्षाचे पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर त्या बदलाची, म्हणजे पुनर्विनियोजनाची, नोंद नमुना 2 मध्ये, खर्चाआधी.

प्रश्न : पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून शिपायाचा पगार भागवता येतो का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. 2021-22 ते 2025-26 या काळातल्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच : निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित असला तरी पगार-आस्थापनेला चालत नाही. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. ग्रामसभेला जाताना त्याची छापील प्रत सोबत न्या.